चार पानांच्या पत्रातली एक ओळ

पत्राचा सारांश : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ४३ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्या घरी शिवणकाम करतात. त्यांच्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, उतारवयात काही आठवेनासं झालं होतं. दिवस मावळला की ती "मले घरी जायचं हाय" म्हणत दाराबाहेर निघायची. मोठ्या मामांचंही सत्तरीनंतर तसंच झालं. आता ६८ वर्षांची आई भाजीत दोनदा मीठ टाकते, तेच तेच विचारते आणि दिवाळीनंतर एकदा स्वतःच्याच वावरातून परतताना वाट चुकली. आई भावाकडे असते. गाव म्हणतं "बुढी भुलली", भाऊ म्हणतो भगताकडे नेऊ. ताईंनी मोबाईलवर एक जाहिरात पाहिली : थुंकीचा नमुना पाठवा, कोणते आजार तुमच्या रक्तात आहेत ते सांगतो. खर्च काही हजारांचा. त्या विचारतात, "माह्यातही ते हाय का, हे मले कळलं पाहिजे. तपासणी करू काय? पण उद्या पोरीचं स्थळ पाहताना हे बाहेर आलं तर? आणि आई रोज सांजेला विचारते, तुहे बाबा आले काय वावरातून? बाबाले जाऊन सहा वर्षं झाली. तिले काय सांगू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या आजीच्या त्या "मले घरी जायचं हाय"पाशी थांबले, कारण हेच वाक्य मी आमच्या घरातही ऐकलं आहे. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावरची एक ओळ दिसली, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकली : "मांगच्या साली शिबिरात माहा बीपी १५६/९६ निघाला होता, पण गोळी एकदा लागली का सुटत नाही म्हणून घेतली नाही." चार पानं जनुकांच्या भीतीची आणि एक ओळ बीपीची. त्या ओळीकडे परत येते. आधी तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर.

माझं मत विचाराल तर ती थुंकीची तपासणी आत्ता करू नका. कधीच करू नका असं म्हणत नाही. पण तिच्या आधी दोन कामं आहेत, आणि ती दोन्ही झाली की कदाचित तुम्हाला तिची तितकी गरज वाटणार नाही.

आपल्या विदर्भात जनुकाची तपासणी म्हटली की डोळ्यांपुढे सिकलसेल हा आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार येतो. शाळेत, आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेतात आणि सांगतात : वाहक आहे, ग्रस्त आहे, किंवा काहीच नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा मूल ग्रस्त निघण्याची शक्यता. तिथे कागदावर हो किंवा नाही लिहून येतं, आणि लग्नाआधी ती तपासणी करावी असं मी प्रत्येकाला सांगते. तुमच्या मनातही थुंकीच्या तपासणीचं तेच चित्र आहे. डिमेन्शियाचं, म्हणजे हळूहळू वाढत जाणाऱ्या विस्मरणाच्या आजाराचं, बहुतेक वेळा तसं नसतं.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. म्हातारपणी येणाऱ्या अल्झायमरशी सगळ्यात जास्त संबंध असलेलं जनुक म्हणजे एपीओई. त्याचे तीन प्रकार असतात : ई२, ई३, ई४. प्रत्येकाला एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. ई४ची एक प्रत असेल तर धोका साधारण दोन ते तीन पटीनं वाढतो, दोन्ही ई४ असतील तर आठ ते बारा पट. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. पण ई४ असूनही नव्वदीपर्यंत नातवंडांची नावं बिनचूक घेणारे लोक आहेत, आणि एकही ई४ नसताना आजारी पडलेलेही कितीतरी. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले आहेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई४चा परिणाम कमी दिसतो, पूर्व आशियाई लोकांत जास्त. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांत एक मोठा अभ्यास झाला होता. तिथे ई४ बाळगणारे लोक अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघाले आणि अल्झायमरही कमी. तेव्हा जाहिरातीतल्या कंपनीनं तुम्हाला एखादा आकडा पाठवला, तर तो तुमच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला ब्लाऊज नसेल. दुसऱ्या कुणाच्या मापाचा तयार ब्लाऊज असेल, थोडा इकडे सैल, थोडा तिकडे घट्ट.

घराण्यातून थेट उतरणारा एक प्रकार आहे, तो लपवत नाही. एपीपी, पीएसईएन१, पीएसईएन२ या तीन जनुकांत विशिष्ट बिघाड असेल तर आजार जवळजवळ ठरलेलाच असतो, आणि प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. कोलंबियात अँटिओकिया नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या खेड्यांमधल्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चव्वेचाळिशीच्या सुमाराला माणसं विसरायला लागायची आणि पन्नाशीच्या आत पुरती हरवायची. गाव त्याला खुळेपणा म्हणायचं. संशोधकांनी चर्चमधल्या जुन्या नोंदींवरून वंशावळी जुळवल्या, तेव्हा कळलं की तो पीएसईएन१मधला बिघाड आहे. पण हा प्रकार सगळ्या अल्झायमरमध्ये एक टक्क्याहूनही कमी, आणि त्याची खूण म्हणजे कोवळं वय. तुमच्या आजीला, मामांना आणि आईला जे झालं ते पासष्टीनंतर, सत्तरीनंतर. तुमच्या घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीत विस्मरण सुरू झालं होतं का, एवढं भावाला आणि मावशीला नक्की विचारा. उत्तर 'नाही' असेल तर कोलंबियाची गोष्ट तुमची नाही. 'हो' असेल तर थुंकीच्या डबीच्या नादी लागू नका. मोठ्या शहरात जनुकीय समुपदेशन करणारे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे जा. त्या जनुकांची नीट तपासणी वेगळी असते, घरपोच किटमध्ये ती बहुधा होतच नाही.

ही तपासणी एकट्या तुमची नसते, यावर जाहिरातवाले एक शब्द बोलत नाहीत. समजा तुमच्याकडे दोन्ही ई४ निघाले. याचा अर्थ तुमच्या लेकीकडे एक असणारच. तिनं विचारलं नव्हतं, तिला कळायला हवं होतं की नाही हेही तिनं ठरवलेलं नव्हतं, आणि तिचं उत्तर तुमच्या हातात येऊन बसलं. मग ते तिला सांगाल की पोटात ठेवाल? डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी जेम्स वॉटसन यांनी आपलं सगळं जनुकीय वाचन जगापुढे खुलं केलं, पण एपीओईची जागा तेवढी झाकून ठेवायला लावली. त्यांच्या एका आजीला अल्झायमर होता. ज्यानं आयुष्यभर हेच काम केलं त्या माणसालाही न कळवून घेण्याचा हक्क हवासा वाटला. तो हक्क तुम्हालाही आहे आणि तुमच्या लेकीलाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी तुम्हाला घाबरवतेय असं होईल. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांच्या धडधाकट मुलांना नीट समुपदेशन करून एपीओईचा निकाल सांगितला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ई४ निघालेली मंडळी खचून गेली असं दिसलं नाही, बहुतेकांनी ते पचवलं. म्हणजे कळल्यानं माणूस वेडापिसा होतो असं नाही. पण त्यांच्यासमोर समजावून सांगणारा माणूस बसलेला होता. तुमच्यासमोर रात्री दहा वाजता मोबाईलवर आलेली पीडीएफ असणार आहे.

आता पहिलं काम, तुमची आई. पत्रात तिच्या विसरण्याचं तुम्ही इतकं बारीक वर्णन केलंय, पण तिला एकदाही डॉक्टरला दाखवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. गावानं, भावानं, आणि ताई, राग मानू नका, तुम्हीही, सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं : आजीचंच हिला लागलं. अजून कुणी तपासलेलं नाही!

तुम्ही लिहिलंय की आई माळकरी आहे, मांस-मच्छी-अंडी आयुष्यात शिवली नाहीत, दहा वर्षांपासून शुगरची गोळी घेते आणि पायाला मुंग्या येतात म्हणते. हे वाचताना माझं मन थेट बी-१२ जीवनसत्त्वाकडे गेलं. ते मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळतं. शुगरसाठी सगळ्यात जास्त दिली जाणारी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की तीही बी-१२ कमी करते, आणि ॲसिडिटीची रोजची गोळीही. बी-१२ कमी पडलं की पायाला मुंग्या येतात आणि विसरायलाही होतं. थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच होतो. नवऱ्याच्या मागं एकटी पडलेली बाई मनानं खचली तरी अशीच दिसते. मागच्या काही महिन्यांत ती कुठे पडली होती का, डोक्याला मार लागला होता का? म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्त साचत जातं, घरच्यांना तो मार आठवतही नसतो, आणि तेही ऑपरेशननं काढता येतं. यातलं काही सापडेलच असं वचन मी देत नाही. आजीचा आणि मामांचा इतिहास पाहता अल्झायमर असण्याची शक्यता आहेच, आणि दोन गोष्टी एकत्रही असू शकतात. पण जे बरं होण्यासारखं आहे ते आधी शोधायचं असतं.

तिला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या, किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, किंवा नागपूरला मेडिकलमध्ये. तुम्हाला जिथं जाणं सोपं तिथं, मेडिसिन किंवा मनोविकार विभागात. जाताना ती घेते त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, गावातल्या दुकानातून आणलेली झोपेची गोळी असेल तर तीही. तिचा चष्मा घ्या. टीव्ही मोठ्यानं लावते असं तुम्ही लिहिलंय, तर कान तपासायला सांगा. ऐकू न आल्यानं दिलेलं चुकीचं उत्तर आपण विसरण्याच्या खात्यात लिहितो. आणि भाऊ भगताकडे नेतो म्हणत असेल तर त्याच्याशी भांडण काढू नका. आधी रक्त तपासून येऊ, एवढंच म्हणा. त्यालाही आईची काळजी आहे, म्हणूनच तो काहीतरी करू पाहतोय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. भुलणं महिन्यामहिन्यानं वाढत जातं. आई एक-दोन दिवसांत एकाएकी बरळायला लागली, ओळखेनाशी झाली, तर ते वेगळं. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, शुगर फार खाली जाणं, किंवा आपल्या मे महिन्यातलं ऊन आणि पोटात न गेलेलं पाणी. तेव्हा 'तिचं तसंच हाय' म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि वावरातली विहीर. तिला कठडा आहे का? वाट चुकणाऱ्या माणसाच्या घरात मी हा प्रश्न आधी विचारते.

आता दुसरं काम, तुमची ती ओळ. १५६/९६.

ताई, तुमच्या वयाच्या बाईसाठी डिमेन्शियाच्या बाबतीत हातात असलेल्या गोष्टींमध्ये याच्या तोडीच्या फार थोड्या आहेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये सांगितलं की जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया अशा चौदा कारणांशी जोडलेला आहे ज्यांवर काहीतरी करता येतं. मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब त्यातलाच एक. मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं तो दाब सोसतात आणि आतून झिजतात, दुखत काहीच नाही, आणि वीस वर्षांनी घर म्हणतं, बुढी भुलली. २०२५ मध्ये ग्रामीण चीनमधल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष आला. ३२६ गावं, सुमारे ३४ हजार माणसं, सगळी चाळिशीपुढची आणि बीपी वाढलेली. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी चार वर्षं नेटानं गोळ्या देऊन, मोजून, समजावून बीपी खाली आणला. त्या गावांत उरलेल्या गावांपेक्षा डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी निघाला. ना मोठं इस्पितळ, ना महागडं यंत्र. जे काम आपल्या उपकेंद्रातही होऊ शकतं, तेच.

'गोळी लागली का सुटत नाही.' हे मला ओपीडीत रोज ऐकायला मिळतं आणि रोज वाईट वाटतं. तुम्ही शिवणकाम करता. चष्मा एकदा लागला की सुटत नाही म्हणून चष्माच लावला नाही, तर सुईत दोरा कसा ओवाल? बीपी गोळीनं लागत नाही, तो आधीच लागलेला असतो, म्हणून गोळी लागते. तरी एका मोजणीवर जाऊ नका. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा बीपी आणि शुगर फुकट तपासतात. वेगवेगळ्या दिवशी तीनदा जा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू तर कुठल्याच रूपात नको, खर्रा असो की गुडाखू. तिन्ही वेळा १४०/९०च्या वर निघाला तर डॉक्टर देतील ती गोळी सुरू करा आणि शुगरही बघून घ्या, कारण आईला आहे. एवढं झालं तर थुंकीच्या तपासणीतून जे मिळणार होतं त्याहून जास्त पदरात पडेल.

कारण विचार करा, समजा तपासणी केली आणि ई४ निघालं. डॉक्टर काय सांगतील? बीपी आवरा, शुगर सांभाळा, चाला, माणसांत राहा, कान-डोळे तपासा. ई४ नाही निघालं तर? तेच. फिनलंडमध्ये १२६० म्हाताऱ्या माणसांपैकी निम्म्यांना दोन वर्षं चांगलं जेवण, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-शुगरची देखरेख दिली गेली, तेव्हा त्यांची बुद्धी नेहमीचा आरोग्यसल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली टिकली, आणि ई४ बाळगणाऱ्यांनाही त्याचा फायदा झाला. जनुक असलं म्हणून मेहनत वाया जात नाही.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. कुठला एक पदार्थ हा आजार थांबवतो असं सिद्ध झालेलं नाही. ऑलिव्ह तेल शोधत फिरू नका. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची, चिवळीची भाजी, जवसाची चटणी : हे आपल्याकडे आहेच. लोणचं-पापडातलं मीठ तेवढं कमी करा. तुम्ही मोटर लावलेल्या मशीनवर आठ-आठ तास बसता. वावरात राबणाऱ्या बाईला मी 'चालायला जा' म्हणत नाही, पण तुम्हाला म्हणते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, दम लागेल असं. आणि सांजेच्या सामुदायिक प्रार्थनेला आईला घेऊन जायला भावजयीला सांगा. माणसांत बसणं हे औषधच समजा. भजनाचे शब्द तर बाकी सगळं विसरल्यावरही बरेच दिवस ओठांवर राहतात.

हा शहरी सुखवस्तू लोकांचा आजार असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साठीपुढच्यांचा देशपातळीवर अभ्यास झाला. त्यातून आलेला अंदाज साधारण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. खेड्यांत प्रमाण ८.४ टक्के, शहरात ५.३. बायकांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. लॅन्सेटच्या चौदा कारणांतही कमी शिक्षण आहे. म्हणून तुमच्या लेकीबद्दल एवढंच म्हणेन : तिला शिकू द्या. बारावीनंतर थांबवायचं ठरतंय असं तुम्ही लिहिलंय. आजीकडून आलेल्या धोक्याची तुम्हाला इतकी काळजी आहे ना, मग तिला देता येण्यासारखं हे एक कवच आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. स्थळाचं विचाराल तर म्हाताऱ्या आजीला विस्मरण झालं होतं हे सांगायला लाजू नका आणि गावभर सांगतही फिरू नका. सत्तरीनंतर विसरणारं माणूस अनेक घरांत आहे. ज्या सोयरिकीला तेवढं चालत नाही, तिथे पोरगी सुखात राहील असं मला वाटत नाही.

एक काम मात्र लवकर करा. आईला अजून नीट समजतंय तोवर तिच्या नावच्या शेताचं, बँकेतल्या खात्याचं तिच्या मनात काय आहे ते तिच्या तोंडून, भावासमोर, विचारून घ्या. बँकेत नॉमिनीचं नाव लावा, मृत्युपत्र करायचं असेल तर करा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणसाचं भान गेलं की ते कायद्यानं टिकत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो तुम्ही अगदी शेवटी, घाईत लिहिलाय, अक्षरही हललंय.

माझी आजी असंच विचारायची. मी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मी दर वेळी सांगायचे, "आजी, आजोबा वारले." आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. आठवड्यातून चारदा मी तिला विधवा केलं. हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले. माझी आई शाळेत गेली नव्हती, तिला ते आधीच कळलं होतं. ती आजीजवळ बसायची आणि विचारायची, "काय आणायला गेलते ते?" आजी मग सांगत बसायची. बंडीचं चाक, सरकीचं पोतं, यवतमाळचा बाजार.

तेव्हा सांजेला आई म्हणाली, "तुहे बाबा आले काय वावरातून?" तर हो म्हणू नका, नाही म्हणू नका. म्हणा, "ते आल्यावर काय करू, सांग." ती बहुतेक म्हणेल, चहा ठेव. मग ठेवा चहा. तिच्याजवळ ओट्यावर बसून प्या.